हिरव्या टिकल्या

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक कॅलेंडर लटकलेलं असतं. दरवर्षी नवं येतं, खिळा तोच राहतो. माझ्या सासूला वाचता येत नाही, पण कॅलेंडरशिवाय तिचं पान हलत नाही. चतुर्थी, एकादशी, अमावास्या ती चित्रांवरून ओळखते, आणि सुनेची पाळी टिकल्यांवरून. मी बाहेर बसले की ती स्वतःच्या कपाळावरची जुनी लाल टिकली काढून त्या तारखेच्या चौकोनावर दाबून चिकटवायची. पुढच्या महिन्यात पूजा कधी धरायची, पाहुणे कधी बोलवायचे, हे सगळं त्या टिकल्यांवर ठरायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याची इतकी लाज वाटायची की कोणी परकं माणूस आत आलं की मी ते दार सताड उघडं टाकायचे, म्हणजे कॅलेंडर मागे दडून राहायचं.

माझ्या पोटाचं दुखणं त्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते सहा वर्षं लटकत होतं आणि कोणाला म्हणून वाचता आलं नाही. मी बी.ए. झालेली, तरी मलाही नाही.

माझं माहेर वरोऱ्याकडचं, कापूस-सोयाबीनचं. सासर मूल आणि सावली या दोन गावांच्या मधलं, धानाचं. जिल्हा एकच, चंद्रपूर, पण आमच्याकडची बाई कापूस वेचते ती उभ्याने. इकडची बाई रोवणीचे, म्हणजे भाताची रोपं लावायचे, वीस-पंचवीस दिवस कमरेत वाकलेली असते, पोटरीभर चिखलात, मागे मागे सरकत. पहिल्या वर्षी मी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरले तेव्हा गावाला फुकटची करमणूक झाली. इथे सुनेला नावाने कोणी हाक मारत नाही, माहेरच्या गावाने मारतात. "वरोरेवाली, पऱ्हे हाय ते, साप नाई! धर नीट!" असं माझ्या हातातल्या रोपांकडे बघून कोणीतरी ओरडलं आणि सगळी ओळ वाकल्या वाकल्या हसली. मीही हसले. हसण्याशिवाय करणार काय, तोंडावर चिखल उडालेला होता.

त्या दिवशी सासूने मला जुन्या लुगड्याची एक लांब पट्टी आणून दिली. बेंबीच्या खाली, कमरेभोवती करकचून बांधायची. "बांध हे. वाकाले सोपं जाते," ती म्हणाली. तिने स्वतःही तशीच बांधलेली होती. मला वाटलं, धानाच्या मुलखाची रीत असेल. मी बांधली.

तिसऱ्या दिवशी पाळी आली. आमच्याकडे बाहेर बसलेल्या बाईला देवघर बंद, स्वयंपाक बंद, पण बांधी बंद नसते. देवाला विटाळ होतो, धानाला होत नाही, ही सोय कोणी लावून दिली कोण जाणे. दुपारपर्यंत मी कशीबशी ओळीत टिकले. मग डाव्या बाजूला, बेंबीच्या खाली चार बोटांवर, कोणीतरी आतून मूठ आवळून पिळायला लागलं. ते मांडीत उतरलं, पाठीत गेलं. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आडवी झाले आणि ओकले. सासू आली, पाणी पाजलं, कपाळाला हात लावून पाहिला. मग बायकांकडे वळून म्हणाली, "चिखलाची सवय नाई हिले."

दुखणं मला माहेरीही होतं. पाळीच्या पहिल्या दिवशी शाळा बुडायची. आई म्हणायची, लग्न झालं की जातं. लग्न झालं, ते गेलं नाही, उलट पाय पसरून बसलं. पण सासरी त्याला नवं नाव मिळालं. चिखलाची सवय नाही. शेजारणी तेच म्हणाल्या, नवरा तेच म्हणाला, माझे वडील भेटायला आले तेव्हा त्यांनीही तेच म्हटलं, वर थोडी शरमही वाटून घेतली. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा तेच मानलं. दरवर्षी मला वाटायचं, पुढच्या वर्षी होईल सवय.

झाली नाही. दुसऱ्या वर्षी पाळीच्या आधी आठ दिवसच दुखायला लागलं. संडासला बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एसटीने मूलला जायचं तर मी आधी रस्त्यातले गतिरोधक मोजून ठेवायचे. नवऱ्याजवळ जायची भीती वाटू लागली. हे मी कोणालाच सांगितलं नाही, त्यालाही नाही. त्याला वाटायचं, मी रुसलेली आहे, आणि तो बिचारा बाजारातून गरम जिलेबी घेऊन यायचा. माझा नवरा साधा माणूस. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर जिलेबी हाच उपाय.

डॉक्टर काही कमी केले नाहीत. एकाने गॅस म्हटलं, एकाने अपेंडिक्सची शंका घेतली, एकाने रक्त कमी आहे म्हणून लाल औषधाच्या बाटल्या दिल्या. सोनोग्राफी झाली, ती नॉर्मल. 'नॉर्मल' शब्द ऐकला की घरच्यांचे चेहरे उजळायचे आणि माझा पडायचा. आजार नाही म्हटल्यावर मग मी कोण? कामचुकार.

आता गोळ्यांविषयी सांगायला हवं. आमच्या घरी गणपती बसतो, त्याच्या मागोमाग महालक्ष्म्या येतात, पुढे नवरात्राचे घट. एवढ्या दिवसांत घरची एकुलती एक सून बाहेर बसली तर करायचं कोणी? म्हणून मूलच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या यायच्या. चिठ्ठी-बिठ्ठी काही लागायची नाही, 'सणाच्या गोळ्या द्या' म्हटलं की दुकानदार समजायचा. आमच्याकडे त्यांचं पाकीट देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी असायचं. मी गोळी घेतली की सासू त्या दिवसावर हिरवी टिकली लावायची. एक गोळी चुकली की सगळा सण पाण्यात, त्यामुळे त्यात तिची कसूर नसायची.

आणि त्या दिवसांत मी खडखडीत असायचे. पहाटे उठून अंगण सारवायचे, पुरणाचा घाट घालायचे, महालक्ष्म्यांना साड्या नेसवायचे, चाळीस पानं वाढायचे. मला वाटायचं, देवी अंगात बळ देते. खरंच वाटायचं. मी रात्री हात जोडून म्हणायचे, आई, असंच ठेव. सण सरला, गोळ्या थांबल्या, की दोन-तीन दिवसांत पाळी यायची आणि मी पितृपंधरवड्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे.

नणंदेच्या लग्नाच्या वर्षी तर साखरपुडा, हळद, लग्न, मांडवपरतणी, सत्यनारायण असं सगळं एकामागून एक आलं, आणि मी सव्वा महिना गोळ्या घेतल्या. कॅलेंडरची दोन पानं हिरवीगार. त्या सव्वा महिन्यासारखे दिवस मी सासरी कधी पाहिले नव्हते. वरातीत मी बँडपुढे नाचले, इतकी नाचले की पैंजण तुटलं. मग आली रोवणी, आणि मी पुन्हा धुऱ्यावर आडवी. तेव्हा सासू सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "नाचाले बरी, रोवाले आजारी!"

गावाला ते फार आवडलं. पोरंसोरंही म्हणायला लागली.

त्याच पावसाळ्यात मला कॅलेंडरवरची तिसरी खूण कळली. लाल माहीत होती, हिरवी माहीत होती. काही चौकोनांत मात्र काजळाचा बोटभर फराटा होता. मला वाटलं होतं, चुलीचा काळा हात लागला असेल. एका दुपारी मी सहज विचारलं तर सासूने लपवलं नाही. लपवणं तिच्या स्वभावात नाही. "तू ज्या दिवशी पडून राहते त्या दिवशी लावते मी. तुया बाबा येईन तवा दाखवीन त्याले. मी त काही खोटं बोलून नाई राह्यली."

जुनी कॅलेंडरंही तिने जपून ठेवली होती. माझ्यावरची फिर्याद. मी इतकी चिडले की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, आणि जेवण मात्र दोन्ही वेळ तिच्याच हातचं खाल्लं, कारण मी तेव्हा पडलेली होते. तिने त्या दोन्ही दिवसांवर काजळ लावलं.

सहाव्या वर्षी गोष्ट हाताबाहेर गेली. मूल होत नव्हतं, हा एक विषय घरात न बोलता सगळीकडे भरून राहिला होता. त्यात महिन्यातले पंधरा दिवस मी कामाची नसे. एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कागद चाळले, पोट दाबलं, मी किंचाळले, आणि ते नवऱ्याकडे बघून म्हणाले, "पिशवी खराब आहे. काढून टाका, कटकट जाईल."

आमच्या भागात पिशवी काढणं ही काही नवलाची गोष्ट नाही. रोवणीच्या ओळीत दहा बायका असल्या तर दोघी-तिघींची काढलेली असते. सासूची तर तिशीतच काढलेली, दोन लेकरं झाल्यावर. ती लगेच म्हणाली, "काढून टाक. माही काढली, मी मेली काय? सुटशीन एकदाची." नवरा म्हणाला, "तू म्हनशीन तसं." हे त्याचं ठरलेलं वाक्य. एरवी मला ते आवडायचं, त्या दिवशी नाही आवडलं.

मी अठ्ठावीस वर्षांची होते. मला मूल हवं होतं. हे साधं वाक्य मी सहा वर्षांत एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं आणि झालं नाही तर लोकांना आणखी एक विषय. पण पिशवी गेली की प्रश्नच संपला. दुसरीकडे दुखणंही असं होतं की कधीकधी वाटायचं, न्या, काय न्यायचं ते न्या, मला फक्त एक रात्र सरळ झोपू द्या. संक्रांतीनंतरची तारीख ठरली. मी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

गावातली आशाताई लसीकरणाच्या निमित्ताने घरी आली होती. ती जाता जाता म्हणाली, "एकदा चंद्रपूरच्या त्या बाईडॉक्टरले दाखवून घ्या ना. काढल्यावर परत नाई बसवता येत." हे तिने इतक्या सहज म्हटलं, जणू भिंतीतल्या खिळ्याबद्दल बोलते आहे. पण नवऱ्याच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या सोमवारी आम्ही निघालो. सासू न बोलवता आली. डॉक्टरीणबाई सुनेचं ऐकून पिशवी ठेवायला सांगेल आणि घरात पुन्हा तेच रडगाणं चालू राहील, अशी तिला धास्ती होती.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. त्यांनी आधी फाइल पाहिलीच नाही. विचारत बसल्या. कुठे दुखतं, कधी दुखतं, संडासला जाताना दुखतं का, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का. या शेवटच्या प्रश्नाला मी सासूकडे पाहिलं. बाईंनी थांबून तिला म्हटलं, "आजी, जरा भिंतीकडे बघता का?" आणि सासू खरोखरच भिंतीवरचं बाळाचं चित्र बघत बसली. मी 'हो' म्हटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मग बाईंनी सासूला विचारलं, "तुमच्या मते केव्हा दुखतं हिला?"

"कामाचे दिवस आले का दुखते," सासू म्हणाली. "रोवणीत दुखते, कापणीत दुखते. सणावारी टणटणीत राह्यते. लग्नात त नाचली."

माझे कान तापले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सणाला दुखत नाही? नक्की?"

"मायाजवळ सारं मांडून हाय," सासू म्हणाली. "तीन वर्षांचं."

पुढच्या खेपेला ती तीन कॅलेंडरं गुंडाळी करून, सुतळी बांधून घेऊन आली. एक ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं होतं, त्याचा एक कोपरा झुरळांनी खाल्लेला. बाईंनी टेबलावरचं स्टेथोस्कोप, पेपरवेट, सगळं बाजूला सारलं आणि तिन्ही पसरली. सासू उभी राहून सांगत होती, पाहणीला आलेल्या तलाठ्यासारखी ऐटीत. लाल म्हणजे बाहेर बसली. काजळ म्हणजे पडून राहिली. हिरवी म्हणजे सणाची गोळी.

बाई पान उलटत गेल्या. एक वर्ष, दुसरं वर्ष, लग्नाची दोन हिरवी पानं. मग त्यांनी सासूला जवळ बोलावलं. "आजी, हिरव्या टिकलीवर काजळ कुठे आहे का, दाखवा बरं मला."

सासू वाकली. तिने बोट फिरवलं. जून, जुलै, ऑगस्ट. लालच्या आसपास काजळ, लालच्या आधी काजळ, नंतर काजळ. हिरव्यावर कुठेच नाही. एकावरही नाही. ती बोट फिरवत पुन्हा पहिल्या पानावर गेली. मीही पाहत होते. देवी नव्हती ती. गोळी होती.

"चिखलाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. "हिला पाळीच्या हिशेबाने दुखतं. गोळीने पाळी थांबते तेव्हा दुखणंही थांबतं. सणात गोळी असते, रोवणीत नसते. एवढंच आहे."

त्यांनी तपासलं, मग आतून सोनोग्राफी केली, स्वतः पडद्यासमोर बसून. डाव्या अंडाशयात गाठ होती आणि पिशवीच्या मागची बाजू आतड्याला चिकटल्यासारखी दिसत होती. परत येऊन त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्र काढलं. पिशवीच्या आत एक अस्तर असतं, ते महिन्याला गळतं आणि पाळीवाटे बाहेर येतं. तसलंच अस्तर काही बायकांच्या पिशवीच्या बाहेर वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर. तेही महिन्याच्या महिन्याला रक्त सोडतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथे सूज येते, गाठी होतात, एकाला एक चिकटतं. त्याचं नाव एंडोमेट्रिऑसिस.

"म्हन्जे बांधीत पानी आलं, अन् काढाले धुराच नाई फोडला," सासू म्हणाली.

"अगदी तसंच."

सासूने थोडा विचार केला. "मंग पिशवी काढली का सरते ना?"

"नाही सांगता येत. हे पिशवीच्या बाहेर आहे. पिशवी काढली तरी बाहेरचं बाहेरच राहू शकतं, आणि दुखत राहू शकतं." बाईंनी पुढे दुर्बिणीच्या ऑपरेशनचं सांगितलं. पोटाला चार छोटी छिद्रं, त्यातून गाठ काढायची, चिकटलेलं सोडवायचं. पिशवी तशीच राहील. अंडाशय शक्यतो वाचवू, पण रक्तस्राव झाला तर डावं काढावं लागेल. मूल होईल का? शक्यता वाढते, हमी कोणी देऊ शकत नाही.

सासू यातलं पुढचं ऐकत नव्हती. ती खाली बसली होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं, हरल्याचं तिला लागलं असेल. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

परतीच्या एसटीत ती चकार शब्द बोलली नाही. जंगल संपून मूल जवळ आलं तेव्हा ती पुढच्या सीटवरच्या लेकाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ते संक्रांतीनंतरचं नाई म्हनून सांगून दे. पिशवी नाई काढाची हिची."

ऑपरेशन माघात झालं. सही माझी लागली. मी नवऱ्याकडे कागद सरकवला तर सिस्टर म्हणाली, "पोट तुमचं ना? मग तुम्हीच करा." सासूने मला तो कागद मोठ्याने वाचायला लावला आणि डॉक्टरांना म्हणाली, "पिशवीले हात नाई लावनार, हे बी लिवा." बाईंनी निमूटपणे लिहिलं. ऑपरेशनच्या खोलीत फार गारठा होता. मला भीती वाटत होती ती मरायची नव्हे. भीती ही होती, की आत पाहतील आणि काहीच निघणार नाही. पुन्हा नॉर्मल.

शुद्धीवर आले तेव्हा पोटापेक्षा खांदा दुखत होता. पोटात हवा भरतात, ती वर चढते, असं सिस्टरने सांगितलं. संध्याकाळी बाई आतले फोटो घेऊन आल्या. नवऱ्याने एक पाहिला आणि त्याला पाणी प्यावं लागलं. सासूने मात्र एकेक फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिला. हे काळपट ठिपके काय, हे पांढरं जाळं काय, ही गाठ कोणती. गाठीत जुनं, घट्ट, काळं रक्त साठलं होतं. आतडं मागून ओढलं गेलं होतं, ते सोडवलं होतं. अंडाशय वाचलं होतं. पिशवी जागच्या जागी होती.

"इतकं होतं पोटात?" सासू म्हणाली.

"इतकं होतं, आजी. ही एवढी वर्षं चालतफिरत होती, त्याचंच नवल आहे."

मी रडले. पोटाला टाके असताना रडणं सोपं नाही, हाताने पोट धरून रडावं लागतं. पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. मी ढोंगी नाही, याचा फोटो निघाला होता.

आता दीड वर्ष होत आलं. दुखणं गेलं असं म्हणणार नाही, पण पंधरा दिवसांचं दोन दिवसांवर आलं आहे. काही महिने गोळ्या होत्या, आता बाईंनी थांबवायला सांगितल्या आहेत, मुलासाठी प्रयत्न करा म्हणाल्या. अजून काही नाही. मी गावच्या अंगणवाडीत लागले, दुसऱ्यांच्या पोरांना काट्यावर ठेवून तोलते आणि ती माझे केस ओढतात. होईल तर होईल. मागच्या रोवणीला मी वीस दिवसांतले सतरा दिवस उभ्या ओळीत होते. म्हणजे वाकलेल्या. बायकांनी 'नाचाले बरी'ला नवीन काही जोडून म्हणायचा प्रयत्न केला, पण सासूने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुन्हा कोणी तोंड उघडलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते दवाखान्यातल्या तिसऱ्या दुपारचं. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. सासू माझा खांदा चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "मले वाटे, तू ढोंग करून राह्यली."

"माहीत हाय," मी म्हटलं. "तुम्ही काजळानं लिवून ठेवलं होतं."

ती चोळत राहिली. माझ्या मनात राग शोधला तर सापडला, पण पातळ झालेला. मग मला तो एसटीतला तिचा गप्प चेहरा आठवला, आणि मी विचारलं, "आई, तुमची पिशवी काऊन काढली होती?"

"दुखे."

"पाळीत?"

"पाळीत, पाळीच्या आधी. रोवणीत त उभं नाई राहवे."

"अन् काढल्यावर? सरलं?"

तिचा हात थांबला. बाहेर कोणीतरी स्ट्रेचर ओढत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

"नाई," ती म्हणाली.

"मंग सांगतलं काऊन नाई कोनाले?"

"कोनाले सांगू वो? ज्याच्यानं दुखते म्हनत होते ते त काढून फेकलं होतं. मंग बी दुखते म्हनलं तर ढोंगच झालं ना ते."

वीस-बावीस वर्षं. मी तिच्याकडे बघत राहिले. पट्टी. जुन्या लुगड्याची पट्टी, जी ती पहिल्या दिवशी माझ्यासाठी घेऊन आली होती. मी सहा रोवण्या पाहिल्या होत्या. त्या ओळीत दुसरी एकही बाई कमरेला पट्टी बांधत नव्हती. धानाच्या मुलखाची रीत कसली, ती तिची एकटीची रीत होती. आणि तिने ती मला दिली होती, न सांगता, आणि वर मला ढोंगी म्हटलं होतं, कारण तिला दुखतं हे तिने स्वतःलाच कधी खरं मानू दिलं नव्हतं.

"कुठी दुखते?" मी विचारलं.

तिला आठवावं लागलं नाही, चाचपावंही लागलं नाही. तिने निऱ्यांच्या डावीकडे, बेंबीच्या खाली चार बोटांवर हात ठेवला.

तेवढ्यात बाईडॉक्टर राउंडला आल्या आणि माझ्या पोटावरची चादर बाजूला करायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. "माझं बरं आहे," मी म्हटलं, "आधी आईंना तपासा."

मला वाटलं, सासू मला झापेल. तिने झापलं नाही. पदराआड हात घालून तिने कमरेची गाठ सोडली, पट्टी ओढून काढली, नीट घडी केली आणि माझ्या उशाशी ठेवली.